मूठभर उरलेलं बी

मोंढ्यातल्या बियाण्याच्या दुकानात शिरलं की माझं डोकं आधी फिरतं आणि मग दुखतं. दुखतं ते औषधाच्या वासानं. फिरतं ते भिंतीवरच्या चित्रांमुळे. वांगी इतकी चकचकीत, की भरताला घ्यावीत का गौरीपुढे मांडावीत ते कळू नये. भेंड्या सगळ्या एका उंचीच्या, झेंडूचं फूल पुरणपोळीएवढं. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. चित्र बघायचं, पाकीट उचलायचं आणि घरी जाऊन कुंडीत दोन पानांची काडी उगवलेली बघत बसायचं, हा आम्हा शहरातल्या लोकांचा दरवर्षीचा कार्यक्रम.

दादांना ही पाकिटं अजिबात पटायची नाहीत. दादा म्हणजे माझे वडील. बी हातात घेतल्याशिवाय, नाकाला लावल्याशिवाय आणि एक दाणा दाढेखाली फोडल्याशिवाय त्यांचा विश्वास बसायचा नाही. बंद पाकीट म्हणजे त्यांच्या मते पदर ओढून बसलेली नवरी. दुकानदार ओरडायचा, "चाचा, दातानं नका फोडू, दवाई असती त्याला," आणि दादा तेवढ्यापुरते हात मागं घ्यायचे.

शेती होती तेव्हा मोंढ्यातून फक्त कपाशीचं बी यायचं. बाकी सगळं घरचं. ज्वारीची निवडलेली कणसं आढ्याला टांगलेली असायची, दोडक्याच्या बिया शेणात कालवून भिंतीला थापलेल्या असायच्या आणि हरभरा राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवलेला. त्यामुळं आमच्या घरात बी वेगळं आणि खायचं वेगळं असा भेद नव्हताच. खायचा हरभरा कमी पडला तर माय खुशाल बियाण्याच्या मडक्यात हात घालायची आणि दादा दिवसभर तिच्या नावानं कुरकुरत राहायचे.

पेरणीच्या दिवशी मात्र त्या बियाण्याचा थाट वेगळा. सुपात बी काढायचं, मधे नारळ ठेवायचा, हळदीकुंकू वाहायचं. मग ते कुंकू दादा हातानं बियाण्यात कालवायचे. त्यांचा हात फार सढळ. सुपातला हरभरा लालसर होऊन जायचा आणि माय म्हणायची, बियाण्याला कुंकू लावताय का लुगडं रंगवताय. ते बी घेऊन दादा रानात जायचे, चाड्यावर मूठ धरायचे आणि कितीही पेरलं तरी मूठभर बी घरी परत आणायचे. बियाण्याची पिशवी रिकामी करायची नाही, हा नियम. उरलेलं मूठभर बी माय धुऊन शिजवायची, गूळखोबरं घालायची. त्याच त्या पेरणीच्या घुगऱ्या. पहिली मूठ पाखरांना, मग गल्लीतल्या पोरांना, मग पेरून आलेल्या माणसाला आणि शेवटी घरच्यांना. बी धुताना पाणी लालसर व्हायचं, ते ओतून द्यायचं, दुसरं पाणी घ्यायचं. मी लहानपणी ते लाल पाणी अंगणात ओतायला भांडायची.

हे एवढं सगळं सांगितलं, कारण याच्याशिवाय पुढचं कुणाला खरं वाटणार नाही.

आमचं रान शेंद्र्याकडं. ते कारखान्यांच्या पट्ट्यात गेलं. गेलं त्याबद्दल रडून झालंय, ते पुन्हा उगाळत नाही. आता तिथं एक मोठी पत्र्याची शेड आहे आणि तिच्यात काय बनतं ते मला ठाऊक नाही. दादा आणि माय शहरात आले, चिकलठाण्याच्या अलीकडे, एका रो-हाऊसमध्ये. मी तिथून जवळच राहते, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. धाकटा भाऊ पुण्याला. घराला पुढं हातभर माती, तिच्यात जास्वंद आणि कढीपत्ता. दादांचं सगळं आयुष्य त्या हातभर मातीत मावेना. दिवसभर ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्या मोजायचे. माय म्हणायची, माणूस नाही हा, टोलनाका झालाय.

घराशेजारी एक प्लॉट मोकळा होता. मालक कुठंतरी लांब राहायचा, प्लॉटवर बाभळी आणि प्लास्टिकच्या पिशव्या. दादांनी मालकाचा फोन मिळवला, साफ करून देतो म्हणाले आणि उन्हाळाभर एकटे खपून प्लॉट साफ केला. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्याकाठी येतं, तेही आलं तर. म्हणून त्यांनी ठरवलं, हरभरा पेरायचा. पावसाची ओल आणि थंडीतलं दव, एवढ्यावर येणारं पीक. मला वाटतं, त्या रो-हाऊसमध्ये आल्यापासून ते पहिल्यांदाच खूश झाले होते. ते खूश झाले म्हणून मीही झाले.

पण हरभऱ्याचं घरचं बी कुठून आणणार? मडकं गेलं, रान गेलं, राखसुद्धा राहिली नाही, गॅस आला. तेव्हा बी विकत आणायचं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा दादा हरभऱ्याचं बी विकत घेत होते, याची त्यांना लाज वाटत होती. माझ्या स्कूटीवर मागं बसून ते वाटभर तेच बोलत होते. जाफर गेटाजवळच्या दुकानात त्यांनी नेहमीप्रमाणे बंद पाकिटाला नाक मुरडलं. त्यांना लागणार होतं थोडंसंच. दुकानदारानं एका फोडलेल्या मोठ्या बॅगेतून मापानं काढून साध्या कापडी पिशवीत दिलं. दाणा गुलाबी-लाल. दुकानदारानं सांगितलं, दवाई लावलेलं आहे, वाळवीचं काम नाही आता. दादांनी मान हलवली. त्यांना ते कळत होतं, कपाशीच्या बियाण्यात त्यांनी जन्म काढला होता. त्या दिवशी त्यांनी दाणा फोडला नाही. सूचना, चित्रं, धोक्याचा शिक्का, सगळं त्या मोठ्या बॅगेवर होतं आणि बॅग दुकानातच राहिली.

पेरणीचा दिवस संकष्टीचा निघाला. मायचा उपास. मी शाळेत होते. नंतर मायच्या बोलण्यातून जे तुकड्यातुकड्यानं कळलं ते असं. दादांनी सकाळी ओट्यावर सूप मांडलं, नारळ ठेवला, हळदीकुंकू वाहिलं. प्लॉटवर जाऊन खुरप्यानं ओळी पाडून पेरलं आणि नियमाप्रमाणे मूठभर, खरं तर चांगल्या दोन मुठी, बी पिशवीत उरवून पिशवी सुपात ठेवली. मग ते पाण्याच्या पाइपचं बघायला कोपऱ्यावरच्या प्लंबरकडे गेले. मायनं सूप आत नेलं. दाणे लाल होते. का लाल, ते तिला विचारायचं कारणच नव्हतं. तिच्या नवऱ्यानं पन्नास वर्षं बियाण्याला असंच कुंकू लावलं होतं. तिनं ते धुतलं, लाल पाणी ओतलं, पुन्हा धुतलं, कुकरला लावलं, गूळखोबरं घातलं. दादा परतले तेव्हा वाटी तयार होती. त्यांना वाटलं असणार, घरातल्या डब्यातला हरभरा भिजवला. शहरात येऊन बाई घुगऱ्या विसरली नाही, याचंच त्यांना कौतुक.

दोघांनीही आपापल्या जागी काही चूक केली नाही. याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

माय वाट्या घेऊन गल्लीतही गेली होती. एका घराला कुलूप होतं, दुसऱ्या घरातल्या बाईंनी पोरांना असलं आवडत नाही म्हणून हसून परत केलं, तिसऱ्या घरी बेल वाजवूनही कुणी दार उघडलं नाही. माय हिरमुसून परत आली. शहरातली माणसं कशी असतात यावर आम्ही आजवर कितीतरी तोंडसुख घेतलंय. त्या दिवशी त्या बंद दारांनी चार-पाच लेकरं वाचवली. माझ्यासाठी तिनं एक डबा भरून ठेवला होता आणि दुपारी फोन करून सांगितलं, की तुझ्या वाटच्या काढून ठेवल्यात, संध्याकाळी ये.

संध्याकाळच्या आतच तिचा दुसरा फोन आला. दादांना उलट्या होत होत्या, तोंडाला लाळ सुटली होती, अंगाला घाम, हातपाय थरथरत होते. मी पोचले तेव्हा ते मला ओळखत होते पण बोलत नव्हते. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांचे डोळे बघितले आणि पहिलाच प्रश्न केला, शेतात फवारणी केली का? मी म्हटलं, शेतच नाही. मग काय खाल्लं? माय शेजारी उभी होती. ती म्हणाली, घुगऱ्या. कशाच्या? पेरून उरलेल्या हरभऱ्याच्या. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले आणि मला त्याच क्षणी सगळं कळलं. मायला काहीच कळलं नाही. तिला वाटलं, डॉक्टर शहरातला आहे, त्याला घुगऱ्या माहीत नसतील. ती त्याला समजावून सांगायला लागली. मी तिचा हात धरून तिला बाहेर बाकावर नेऊन बसवलं.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. त्यांचं हृदय आधीच कमजोर होतं, गोळ्या चालू होत्या. मायला मी सांगितलं, अॅटॅक आला. ती म्हणाली, मला वाटलंच, काल पाइपासाठी उन्हात हिंडत होता.

मी दादांचे कपडे आणायला घरी गेले, तेव्हा कुंपणाच्या भिंतीखाली दोन होले मरून पडलेले होते आणि चार-दोन चिमण्या. भिंतीवर मायनं पाखरांचा वाटा ठेवला होता, त्याच्या खाली. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळले. भिंत धुतली. स्वयंपाकघरातला कुकर, त्या वाट्या, माझ्या वाटचा डबा, सगळं एका गोणीत भरलं. सुपाला गुलाबी पावडर लागली होती, सूपही भरलं. माय नंतर कितीतरी दिवस सूप शोधत होती. पाहुण्यांच्या गर्दीत कुणीतरी नेलं असेल, असं मी म्हटलं. लोक मयताच्या घरातूनही वस्तू उचलतात, यावर तिचा लगेच विश्वास बसला.

असल्या मरणात पोलिसांचा जबाब होतोच. हवालदार आला, तो बहुतेक खेड्यातलाच असावा. मी त्याला कुंकवाचं सांगितलं तेव्हा त्याचा पेन थांबला. आमच्याकडंबी असंच करतेत, म्हणाला. मग त्यानं विचारलं, आजीबाईला सांगितलंय का? मी नाही म्हटलं. तो माझाच जबाब लिहून घेऊन उठला. घराकडे आला नाही. भावाला मी सगळं सांगितलं. तो फोनवर रडला आणि म्हणाला, तिला कळता कामा नये. त्यानंतर माझं सगळं लक्ष त्या एकाच गोष्टीवर होतं. जिच्या हातचं खाऊन दादा गेले, तिला ते कळू द्यायचं नाही. कळलं तर ती जगणार नाही, असं मला वाटत होतं. तिला अंधारात ठेवलं याबद्दल मला कुणी बोल लावला, तर मी भांडायला तयार आहे.

तेराव्याच्या आतच प्लॉटवरचा हरभरा उगवून आला. औषधाचं बी, एक दाणा वाया गेला नाही. माय रोज सकाळी जाऊन बघायची. बघ, त्येचा हात, म्हणायची. मी प्लॉटकडे बघायचं टाळायची. थंडीत घाटे भरले आणि वाटेनं जाणाऱ्या-येणाऱ्यांनी हिरवा हरभरा उपटून नेला. शहरात उघड्या प्लॉटवरचं पीक सगळ्यांचंच असतं. मायनं बियाण्यासाठी म्हणून चार-दोन जोमदार झाडांना चिंध्या बांधल्या होत्या. चिंधी बांधलेल्याला गावात कुणी हात लावत नाही. इथं चिंध्यासकट झाडं गेली.

तेव्हा पुढच्या वर्षी पुन्हा बी विकत आणायची वेळ आली आणि मायनं ठरवलं, की प्लॉट पडीक ठेवायचा नाही, त्यानं साफ केलाय. मी म्हटलं, मी घेऊन येते. मी तिला मेथी सुचवली, धने सुचवले, झेंडू सुचवला. शेवग्याचं रोप लावू म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हरभराच, आणि मी बी येणार, मला बियाणं पारखता येतं. तिला अडवायला माझ्याकडे कारण नव्हतं, म्हणजे सांगण्यासारखं नव्हतं. मी मुद्दाम दुसऱ्या दुकानात नेलं. मनात एवढंच होतं, की रंग नसलेलं बी मागायचं आणि पटकन निघायचं.

दुकानात गर्दी होती. मी गल्ल्यावर बोलायला लागले तोवर माय आत, उघड्या बॅगेपाशी पोचली होती. तिनं हात घातला आणि बाहेर काढला. ओंजळीत गुलाबी-लाल हरभरा. मी तिच्याकडे निघाले पण मधे माणसं होती.

"ह्येला कुंकू कुनी लावलं?" तिनं विचारलं.

नोकर हसला. "कुंकू नाय आजी, कंपनीची दवाई हाय. हात धुवा आधी."

"धुतल्यावर जातं का?"

"नाय जात. दान्यात मुरतंय ते."

"आन शिजिवल्यावर?"

"शिजवायचं नसतंय आजी," तो म्हणाला. त्याला आता हसू येत नव्हतं. "ईख हाय ते. मानूस मरंल."

मी पोचले तेव्हा मायची ओंजळ तशीच होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. दाणे पुन्हा बॅगेत सोडले, पदरानं तळवे पुसले आणि नोकराला म्हणाली, ह्येच दे. मी म्हटलं, माय, हे नको, बिनरंगाचं मिळतं. ती म्हणाली, ह्येच पाहिजे. दुकानातल्या माणसांसमोर मी तिच्याशी भांडू शकले नाही. पिशवी तिनं आपल्या मांडीवर घेतली.

रिक्षात ती बराच वेळ रस्त्याकडं बघत होती. क्रांती चौक गेला, उड्डाणपूल गेला. मग म्हणाली, "तुला ठावं व्हतं."

"व्हय."

"तरीच सूप गेलं," ती म्हणाली. मला वाटलं, ती रडेल, मला बोलेल, मी तयारीत होते. ती रडली नाही. घर जवळ आल्यावर तिनं आवाज न चढवता सांगितलं, "त्येला लई आवडल्या व्हत्या. आनिक हाय का म्हनला. माझा उपास व्हता. माझ्या वाटच्याबी त्येलाच वाढल्या."



त्या रात्री मी तिच्याकडेच राहिले. ती लाल बियाण्याची पिशवी घरात होती, तिच्यात काय आहे ते मायला कळलं होतं आणि तिनं ती हट्टानं मागून घेतली होती. मला भीती कशाची वाटत होती ते वेगळं सांगायला नको. मी पिशवी कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली. मायनं ते बघितलं. भाकरी केली, दोन घास खाल्ले, भिंतीकडे तोंड करून पडली. झोपली नाही एवढं मला कळत होतं, कारण मीही जागी होते.

सकाळी तिनं किल्ली मागितली. मी दिली, पण तिच्या मागोमाग प्लॉटवर गेले. सूप नव्हतं, नारळ नव्हता, हळदीकुंकू नव्हतं. ती खाली बसली, खुरप्यानं ओळ पाडली आणि मला म्हणाली, तू टाक, मी बुजवते. मी दाणे टाकत गेले, ती माती ओढत गेली. ओळी संपल्या तरी पिशवीत बी होतं, जेवढं उरवायचं असतं तेवढंच, मूठभर. माझा हात सवयीनं थांबला.

"सगळं पेर," माय म्हणाली. "दानाबी उरू देऊ नको."

कुंपणाच्या कडेनं आम्ही अजून एक ओळ पाडली. पिशवी संपली. तिनं ती माझ्या हातातून घेतली, उलटी केली, झटकली. शिवणीत एक दाणा अडकला होता, तो नखानं काढला आणि मातीत दाबला. मग नळाखाली बसून साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले आणि मी नळ बंद करेपर्यंत धूतच राहिली.

त्या दिवशी आमच्या घरी घुगऱ्या झाल्या नाहीत.